मोजून वापरायचं घर

मोटरहोमच्या बाहेरच्या अंगाला पत्र्याची एक जाळीदार झडप असते. ती उघडून वाकून पाहिलं की आत बोटभर निळी ज्योत जळताना दिसते. या ज्योतीच्या बरोबर पलीकडे, भिंतीच्या आतल्या बाजूला, फ्रिज. त्यात दूध, दही, काल रात्रीची उसळ आणि वरच्या कप्प्यात आइस्क्रीम. गाडीला बाहेरून विजेची तार जोडलेली नाही, फ्रिजची घरघर नाही, तरी आइस्क्रीम चमचा शिरणार नाही इतकं घट्ट. नऊ-दहा वर्षांच्या मुलीनं हे एकदा पाहिलं की तिचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: विस्तवानं गार कसं होतं?

अमेरिकेत शाळांना साधारण जून ते ऑगस्ट सुट्टी असते, आईवडिलांना मात्र नसते. त्यामुळे नातवंडाला सोबत घेऊन भाड्याच्या मोटरहोममधून आठ-पंधरा दिवस फिरून येणारे आजी-आजोबा तिथल्या कुठल्याही कॅम्पग्राउंडवर भेटतात. आता मराठी आजी-आजोबांचीही ती वेळ आली आहे. १९६५ च्या कायद्यानं अमेरिकेनं देशवार कोट्याची जुनी पद्धत काढून टाकली. त्यानंतर डॉक्टर, इंजिनिअर होऊन तिकडे गेलेल्या पिढ्या आता निवृत्त झाल्या आहेत किंवा होत आहेत आणि त्यांची नातवंडं शाळेत आहेत.

पुण्याच्या वाड्यात, गिरगावच्या चाळीत किंवा सोलापूर-सांगलीकडे लहानपण गेलेल्या या माणसांना मोटरहोमचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही. सकाळी दोन तास येणारं पाणी पिंपात भरून दिवसभर पुरवायचं, रॉकेल संपत आलं की वात खाली घ्यायची, एका बादलीत आंघोळ उरकायची, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये वाढलेल्या नातीला मात्र नळ म्हणजे न संपणारी वस्तू. मोटरहोममध्ये पाणी, वीज, गॅस, वजन, सगळ्यालाच माप असतं, आणि त्यातली बहुतेक मापं दाराजवळच्या एका पट्टीवर दिव्यांनी दिसतात. घर चालतं कसं हे मुलाला दाखवायला याहून चांगली जागा सापडणं कठीण, आणि ते शिकवायला या आजी-आजोबांइतकं तयार दुसरं कोणी नाही.

ज्योतीवर चालणारा फ्रिज

घरच्या फ्रिजमध्ये एक मोटर वायू दाबत असते. तिला कॉम्प्रेसर म्हणतात, घरघर तिचीच. मोटरहोममधल्या पारंपरिक फ्रिजमध्ये मोटर नाही, पंप नाही, फिरणारा एकही भाग नाही. १९२२ साली स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही रचना शोधून काढली. पुढे इलेक्ट्रोलक्स कंपनीनं तिचे हक्क घेतले आणि वीज न पोचलेल्या घरांतही बर्फ होऊ लागला.

तिचं काम समजायला माठ आठवावा. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं आणि त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते. ती आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून माठातलं पाणी गार राहतं. या फ्रिजमध्ये पाझरणाऱ्या पाण्याचं काम अमोनिया करतो. नेहमीच्या हवेच्या दाबाला अमोनिया उणे ३३ अंश सेल्सिअसलाच उकळतो, त्यामुळे त्याची वाफ होताना बर्फ गोठण्याइतका गारवा मिळतो. फरक एवढाच की माठातली वाफ हवेत गेली तरी बिघडत नाही, रोज नवं पाणी भरता येतं. अमोनिया विषारी. तो बंद नळ्यांतच ठेवावा लागतो आणि वाफ झालेला अमोनिया पुन्हा द्रव करून त्याच नळ्यांतून फिरवावा लागतो. ज्योत कामाला येते ती इथे.

नळ्यांच्या तळाशी अमोनिया विरघळलेलं पाणी असतं. ज्योत ते तापवते. पाण्याच्या आधी अमोनिया वायू होऊन बाहेर पडतो आणि वर चढतो. वर धातूच्या पात्यांपाशी बाहेरची हवा लागून तो गार होतो, द्रव बनतो आणि उतारानं फ्रिजच्या आतल्या नळीत येतो. त्या नळीत हायड्रोजन भरलेला असतो, आणि सगळी युक्ती या हायड्रोजनमध्ये आहे. नळ्यांतला एकूण दाब सगळीकडे जवळपास सारखाच. पण इथे त्याचा मोठा वाटा हायड्रोजन उचलतो आणि अमोनियाच्या वाट्याला थोडाच उरतो. आपल्या वाट्याचा दाब कमी असला की द्रवाची वाफ सहज होते. ती होताना अमोनिया दूध-दह्यातली उष्णता ओढून घेतो.

मग अमोनिया आणि हायड्रोजन दोघे मिळून खाली उतरतात. वाटेत पाणी भेटतं. पाण्याला अमोनियाची फार ओढ. ते त्याला लगेच शोषून घेतं. हायड्रोजन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, शिवाय हलका, म्हणून तो एकटा परत वर जातो. अमोनियाचं पाणी पुन्हा ज्योतीपाशी येतं आणि फेरा चालू राहतो.

या सगळ्यात ढकलणारं यंत्र कुठेच नाही. द्रव वाहतो तो केवळ उतारानं, आणि म्हणून मुक्कामी गाडी सपाट उभी करणं फार महत्त्वाचं. गाडी एका अंगाला कलली आणि फ्रिज तसाच तासन्‌तास चालू राहिला, तर द्रव भलत्याच ठिकाणी साचतो, ज्योतीवरचा भाग कोरडा पडून तापतो, नळीला गंज लागू नये म्हणून घातलेला क्षार तिथे बसतो आणि वाट बुजते. असा फ्रिज सहसा दुरुस्त होत नाही. थंड करणारा भागच बदलावा लागतो.

ही जबाबदारी मुलांवर बिनधास्त सोपवावी. आजी पाणसळ फ्रिजच्या तळाशी ठेवते, नात गुडघ्यांवर बसून हिरव्या पाण्यातला बुडबुडा बघते आणि खिडकीतून ओरडते, “आजोबा, डावीकडे गेला!” बुडबुडा नेहमी उंच बाजूला जातो, म्हणजे उजवी बाजू उचलायला हवी. उजव्या चाकांपुढे प्लास्टिकचे ठोकळे मांडायचे, आजोबांनी गाडी हळूच त्यांवर चढवायची, बुडबुडा दोन रेघांच्या मधे येईपर्यंत नातीनं हात हलवत राहायचं.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज असतो. भाड्यानं घेताना विचारून घ्यावं. ज्योतीचा फ्रिज असेल तर एक नियम कधीही मोडायचा नाही: पेट्रोल पंपावर शिरण्याआधी ज्योत विझवायची आणि प्रोपेन गॅसची चावी बंद करायची. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून गॅसची सूचना देणारा भोंगा गाडीत पायाशी बसवलेला असतो. त्यापुढे पिशव्या, चपला ठेवायच्या नाहीत.

तीन टाक्या

गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. पहिली चांगल्या पाण्याची. दुसरी बेसिन आणि शॉवरच्या सांडपाण्याची. तिला तिकडे ग्रे म्हणतात. तिसरी संडासाची, म्हणजे ब्लॅक. मध्यम आकाराच्या गाडीत चांगलं पाणी साधारण दीडशे लिटर मावतं, बाकीच्या दोन्हींत शंभर-सव्वाशे.

नळ उघडला की नळीतला दाब उतरतो, दाबावर चालणारं बटण लागतं आणि पलंगाखालचा छोटा पंप टरटर वाजू लागतो. नळ बंद केला की दाब चढतो, पंप थांबतो. घरी पाणी फक्त दिसतं, इथे ते ऐकूही येतं. दात घासताना नळ चालू ठेवू नकोस हे मुलाला शंभरदा सांगून जे होत नाही, ते या आवाजानं दोन दिवसांत होतं.

आता हिशेब मांडू. अशा गाडीतला शॉवर मिनिटाला सहा लिटरच्या आसपास पाणी देतो. दहा मिनिटांची आंघोळ म्हणजे साठ लिटर. तिघांच्या तीन आंघोळी म्हणजे एकशे ऐंशी, आणि टाकी दीडशेची. पण त्याही आधी दुसरीच अडचण येते. वापरलेलं पाणी ग्रे टाकीत जातं आणि ती लहान. ती भरली की सांडपाणी शॉवरच्या जाळीतून उलटं वर येतं. म्हणून मोटरहोममध्ये पाणी किती उरलं यापेक्षा सांडपाण्याला जागा किती उरली हे आधी बघावं लागतं. गरम पाण्याची टाकी तर बहुधा तेवीस लिटरचीच असते. अंग ओलं करायचं, शॉवर बंद, साबण लावायचा, पुन्हा सुरू: या पद्धतीनं दहा-बारा लिटरमध्ये आंघोळ होते. तांब्या-बादलीच्या आंघोळीवर वाढलेल्यांना यात अवघड काही नाही.

संडासाच्या टाकीबद्दल पुष्कळ लोक चूक करतात. कॅम्पग्राउंडवर टाकीची नळी गटाराला जोडली की वाटतं, झडप उघडीच ठेवावी, जाईल आपोआप. तसं केलं की पाणी लगेच वाहून जातं आणि घाण तळाला राहून वाळते. ती काढणं हे फार कष्टाचं काम होऊन बसतं. झडप बंद ठेवायची, टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्यायची, मग एकदम उघडायची. भरपूर पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळं निघून जातं. आधी ब्लॅक, नंतर ग्रे, हा क्रम कायम. साबणाच्या पाण्यानं नळी आपसूक धुतली जाते. हातमोजे घालून आजोबांनी हे काम करावं, मुलानं चार पावलं लांब उभं राहून बघावं, नंतर दोघांनी साबणानं हात धुवावेत. आपण सोडलेलं पाणी जातं कुठे, हे शहरातल्या मुलाला दिसण्याचा हा जवळजवळ एकमेव प्रसंग असतो. त्याला नाक मुरडायला लावू नये.

वासाचंही एक शास्त्र आहे. टाकीतला वायू छतापर्यंत गेलेल्या नळीतून बाहेर जातो. पण बाथरूमच्या छतातला पंखा चालू असताना फ्लश केलं, तर पंखा आतली हवा उपसत असतो आणि तिची जागा घ्यायला टाकीतली हवा वर येते. म्हणून आधी पंखा बंद, मग फ्लश.

दोन प्रकारची वीज

गाडीत विजेचे दोन संसार असतात. दिवे, पाण्याचा पंप, फ्रिजचं नियंत्रण, रात्री गरम हवा सोडणाऱ्या हीटरचा पंखा, हे सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. एसी आणि मायक्रोवेव्हला घरच्यासारखी, म्हणजे अमेरिकेतली १२० व्होल्टची वीज लागते. ती कॅम्पग्राउंडच्या खांबावरून जाड तारेनं घ्यायची किंवा गाडीतला जनरेटर लावायचा. खांबावरची वीज मिळत असली की कन्व्हर्टर नावाची पेटी तिच्यातून बॅटरीही भरून ठेवते.

बॅटरीवर एसी का चालत नाही, हा मुलांचा हमखास प्रश्न. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे गुणाकार करून १,२०० वॉट-तास. साध्या शिसे-आम्लाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर ती लवकर खराब होते. उरली ६००. एसी साधारण १,५०० वॉट खातो. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांत बॅटरी संपली. तीच बॅटरी पाच वॉटचा दिवा १२० तास जाळेल. भागाकार शिकलेल्या मुलाला हे पाटीवर मांडता येतं, आणि थंड करणं किती महाग असतं ते त्या उत्तरातून कळतं.

खांबावरच्या विजेलाही मर्यादा आहे. मध्यम गाड्यांना ३० अँपिअरची जोडणी असते: १२० गुणिले ३०, म्हणजे ३,६०० वॉट. एसीचे १,५००, मायक्रोवेव्हचे १,५००, आणि कोणी चहासाठी विजेची किटली लावली की आणखी १,५००. खटका पडतो आणि सगळं बंद. चहा गॅसवर करावा, हे बरं.

निघण्याआधी एका नजरेत

• चांगलं पाणी: सुमारे १५० लिटर, म्हणजे १५० किलो वजन
• ३० अँपिअरची जोडणी: ३,६०० वॉट, एसी आणि आणखी एकच मोठं उपकरण
• पेट्रोल: लिटरला साडेतीन-चार किलोमीटर, ५,००० किलोमीटरच्या फेरीला तेराशे लिटरच्या आसपास
• रोजचा पल्ला: ३०० मैलांच्या आत (४८० किलोमीटर), दुपारी तीनच्या सुमारास मुक्कामी, जमल्यास एका जागी तीन रात्री. मोटरहोमवाले याला तिनाचा नियम म्हणतात.
• गाडीची उंची आणि लांबी मोठ्या अक्षरांत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवणे

वजन, शेपटी आणि उंची

भाड्यानं मिळणाऱ्या मोटरहोम बहुधा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात; ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला पलंग ही त्यांची ओळख. अमेरिकेत यासाठी फोर्डचा ई-४५० हा सांगाडा फार वापरला जातो. माणसं, सामान, पाणी, इंधन सगळं धरून त्याची कमाल मर्यादा १४,५०० पौंड, म्हणजे साडेसहा टनांच्या आसपास. एवढ्या गाडीला व्यावसायिक लायसन्स लागत नाही, ते बहुतेक राज्यांत २६,००० पौंडांच्या वर लागतं. त्यामुळे आयुष्यभर मोटार चालवलेला माणूस थेट या गाडीत बसू शकतो. इथेच सावध राहायला हवं.

त्याच वेगात धावणारी साडेसहा टनांची गाडी थांबवायला दीड-पावणेदोन टनांच्या मोटारीच्या चौपट ऊर्जा जिरवावी लागते. ब्रेक ती ऊर्जा घासून उष्णतेत बदलतात. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला तर ब्रेक इतके तापतात की पकड सुटू लागते. उपाय जुनाच, आपल्या घाटांतल्या एसटी चालकांना पाठ असलेला: उतार सुरू होण्याआधी गिअर खाली घ्यायचा आणि इंजिनालाच गाडी रोखू द्यायचं. शिकागोहून आय-९० महामार्गानं पश्चिमेला निघालं की ला क्रॉसपाशी मिसिसिपी आणि चेंबरलेनपाशी मिझुरी ओलांडेपर्यंत रस्ता सौम्य असतो. वायोमिंगमध्ये बिगहॉर्न पर्वत आडवा येतो. तिथला १४-ए हा रस्ता दहा टक्के उताराचा, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की दहा मीटर खाली. त्यापेक्षा यूएस १६ चा पावडर रिव्हर खिंडीतला रस्ता मोठ्या गाडीला बरा, जरी खिंड २,९४६ मीटर उंचीवर असली तरी.

शेपटीचं भान त्याहून लवकर लागतं. मोटारीची मागची चाकं जवळजवळ टोकाशी असतात. मोटरहोममध्ये त्यांच्या मागे दोन-अडीच मीटर किंवा जास्तच शरीर लोंबत असतं. गाडी वळताना मागच्या चाकांभोवती फिरते. तोंड उजवीकडे गेलं की शेपटी डावीकडे जाते. पेट्रोल पंपापाशी उभं राहून लगेच स्टिअरिंग पूर्ण वळवलं, तर तोंड मोकळ्या जागेत जातं आणि शेपटी पंपाचा खांब घासते. आधी गाडीभर सरळ पुढे जायचं, मग वळायचं. रिकाम्या पार्किंगमध्ये मागच्या कोपऱ्याखाली खडूची रेघ मारून, स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे नेली की शेपटी रेघेच्या किती बाहेर गेली ते नातीला आजीजवळ लांब उभं राहून बघता येतं.

आणि उंची. छतावरच्या एसीसकट अशी गाडी साडेअकरा-बारा फुटांपर्यंत जाते. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरात ११ फूट ८ इंच उंचीचा रेल्वेपूल होता. सूचनेच्या पाट्या, दिवे, सगळं असूनही तिथे ट्रक आणि भाड्याच्या गाड्या वर्षानुवर्षं आपली छपरं सोलून घेत. अखेर २०१९ मध्ये पूल आठ इंच उचलला, तरीही अपघात पूर्ण थांबले नाहीत. आपण बसलो आहोत ती गाडी केवढी आहे याचा विसर माणसाला किती सहज पडतो, ते या पुलानं दाखवलं. लांबीचंही तसंच: ग्लेशियर नॅशनल पार्कच्या प्रसिद्ध गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरी भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे. रस्ता ठरवताना हे आधी पाहावं, तिथे पोचून नव्हे.

मुलाची जागा कुठली?

आत सोफा आहे, टेबल आहे, पलंग आहे, म्हणून मुलाला वाटतं, चालत्या गाडीत कुठेही बसावं. ते धोक्याचं आहे, आणि इथे आजी-आजोबांनी अजिबात नमतं घेऊ नये. गाडी चालू असताना कोणीही पलंगावर झोपायचं नाही, संडासाला उठायचं नाही, चहा टाकायचा नाही. आडवा सोफा मुलाच्या सीटसाठी चालत नाही, कारण मुलांच्या सीट पुढून बसणाऱ्या धक्क्यासाठी बनवलेल्या असतात. मुलाला पुढे तोंड असलेलं आणि पट्टा असलेलंच आसन हवं.

पट्ट्यातही भेद आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या सीटला स्वतःचे खांद्यावरचे पट्टे असतात. ती फक्त कमरेच्या पट्ट्यानं बांधली तरी चालते. नऊ-दहा वर्षांचं मूल बूस्टरवर बसतं, आणि बूस्टरला कंबर व खांदा दोन्हींचा पट्टा लागतोच. पुष्कळ मोटरहोममध्ये टेबलाजवळच्या बाकाला फक्त कमरेचा पट्टा असतो. म्हणून गाडी ठरवण्याआधी मुलाचं वय सांगून नेमका हा प्रश्न विचारावा, आणि बाकाचे पट्टे लाकडाला नव्हे, लोखंडी सांगाड्याला बांधलेले आहेत याचीही खात्री करावी.

पुढे तोंड असलेल्या आसनाचा आणखी एक उपयोग. गाडी लागते तेव्हा आतला कान मेंदूला सांगत असतो की आपण हलतो आहोत, आणि पुस्तकावर किंवा टॅबलेटवर खिळलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मळमळतं. नजर लांबच्या क्षितिजावर ठेवली की डोळे आणि कान एकमत होतात. साउथ डकोटाच्या गवताळ मैदानात क्षितिज दिसायला काहीच आड येत नाही.

उंचावर गेल्यावर

शिकागोहून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाकडे जाणाऱ्या या रस्त्यावर उन्हाळ्याचे दोन टोकांचे अनुभव येतात. जुलैत साउथ डकोटातल्या बॅडलँड्समध्ये दुपारी पारा ३८ अंशांपर्यंत जाऊ शकतो. तिथून दोन-तीन दिवसांच्या अंतरावरच्या यलोस्टोनमध्ये, सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर, त्याच महिन्यात पहाटे हात गारठतात. एकाच पिशवीत टोप्या आणि स्वेटर दोन्ही हवेत.

उंचीवर हवा विरळ होते आणि गाडीतल्या प्रत्येक वस्तूला ते जाणवतं. जनरेटरची ताकद घटते. फ्रिजची ज्योतही चाचरते. साडेपाच हजार फुटांच्या वर ती विझू शकते, असं फ्रिज बनवणारेच माहितीपुस्तिकेत बजावतात. अशा वेळी ज्योतीऐवजी विजेच्या उष्णतेवर फ्रिज चालवायचा, आणि त्यासाठी खांबावरची वीज हवी. यलोस्टोनच्या सगळ्या कॅम्पग्राउंडांत पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी मिळते ती एकाच ठिकाणी, फिशिंग ब्रिजला. तिथे तंबू किंवा कापडी भिंतींच्या गाड्या चालत नाहीत, कारण तो भाग ग्रिझली अस्वलांचा आहे. अस्वलापासून शंभर यार्ड, म्हणजे ९१ मीटर आणि गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनपासून २५ यार्ड, म्हणजे २३ मीटर लांब राहण्याचा उद्यानाचा नियम आहे.

स्वयंपाकाचंही बदलतं. यलोस्टोनमधल्या ओल्ड फेथफुल गीझरपाशी पाणी १०० ऐवजी ९३ अंशांनाच उकळतं. वरून दाबणारी हवा कमी असल्यानं पाण्याला उकळायला कमी तापमान पुरतं. परिणामी पातेल्यातलं पाणी खळखळतं, पण डाळ शिजायला वेळ लावते. कुकरमध्ये आपण तो दाब परत आणतो, आणि तिथल्या उंचीवरही आतलं तापमान ११५ अंशांच्या आसपास जातं. कुकर सामानात असलाच पाहिजे, तो यासाठी.

ओल्ड फेथफुल गीझर उसळतो तोही दाबाच्या याच नियमानं. जमिनीखालच्या अरुंद भेगांत पाणी साचतं. खालच्या खडकाची उष्णता त्याला तापवते, पण वरच्या पाण्याच्या भारामुळे खालचं पाणी शंभरी ओलांडूनही द्रवच राहतं. शेवटी वाफेचे बुडबुडे थोडं पाणी तोंडातून बाहेर ढकलतात, भार हलका होतो, आणि दाब उतरताक्षणी खालच्या तापलेल्या पाण्याची एकदम वाफ होते. तीस ते पंचावन्न मीटर उंच फवारा उडतो. मग भेगा पुन्हा भरू लागतात. दोन फवाऱ्यांत साधारण दीड तास जातो. पुढची अंदाजे वेळ रेंजर फळ्यावर लिहून ठेवतात.

कागद आणि पास

आईवडील सोबत नसताना मुलाला नेताना त्या दोघांच्या सहीचं संमतिपत्र जवळ ठेवावं, तातडीच्या उपचारांना परवानगी देणारा मजकूर आणि विम्याच्या कार्डाची प्रत त्यातच. कॅनडात शिरायचा बेत असेल तर हे पत्र नोटरी करून न्यावं. सीमेवर ते मागितलं जाऊ शकतं.

बासष्ट वर्षं पूर्ण झालेल्या अमेरिकी नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांना ८० डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आयुष्यभराचा पास मिळतो, शिवाय काही कॅम्पग्राउंडांत भाड्यात सवलत. भारतातून भेटीला गेलेल्या आजी-आजोबांना तो मिळत नाही. पण नात चौथीत असेल तर तिच्या नावानं ‘एव्हरी किड आउटडोअर्स’ हा मोफत पास काढता येतो. तो सप्टेंबर ते पुढच्या ३१ ऑगस्टपर्यंत चालतो, त्यामुळे चौथी संपल्यानंतरची उन्हाळी सुट्टी त्यातच येते आणि खासगी गाडीतल्या सोबतच्या सगळ्यांचा प्रवेश त्यावर होतो.

उद्यानात शिरल्यावर ज्युनिअर रेंजरची पुस्तिका आधी मागून घ्यावी. तिच्यात वयानुसार कामं दिलेली असतात: प्राण्यांच्या खुणा शोधायच्या, गीझरचं चित्र पूर्ण करायचं, रेंजरचं एखादं व्याख्यान ऐकायचं. पुस्तिका भरून नेली की रेंजर ती तपासतात, दोन-चार प्रश्न विचारतात, उजवा हात वर करून शपथ देतात आणि बिल्ला लावतात. याच रस्त्यावरच्या बॅडलँड्सला आणि १९०६ साली अमेरिकेचं पहिलं राष्ट्रीय स्मारक ठरलेल्या डेव्हिल्स टॉवरलाही त्यांच्या स्वतंत्र पुस्तिका आणि स्वतंत्र बिल्ले आहेत.